पहिल्या वर्षाचे पाणी : सल्काटा कासवाच्या पिल्लाचे संगोपन

अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या सल्काटा कासवाच्या पिल्लाची लांबी साधारण चार ते पाच सेंटिमीटर आणि वजन तीस-चाळीस ग्रॅम असते. ते तळहातावर मावते, आवाज करत नाही, पाला खाते. त्यामुळे पहिल्यांदाच कासव पाळणाऱ्याला त्याचे संगोपन कुत्र्या-मांजरापेक्षा सोपे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात भूकासवाच्या, म्हणजे पाण्यात न राहता जमिनीवरच जगणाऱ्या कासवाच्या, साऱ्या आयुष्यात पहिल्या वर्षाइतका नाजूक काळ दुसरा नसतो. कवच हा कासवाच्या सांगाड्याचाच भाग आहे. पाठीचे मणके आणि रुंदावलेल्या बरगड्या एकमेकांशी जुळून पाठीकडचा घुमट तयार होतो, त्याला पृष्ठवर्म म्हणतात, पोटाकडचा सपाट भाग म्हणजे अधरवर्म, आणि या दोन्हींवर केराटिनचे, म्हणजे माणसाची नखे ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याचे, पट्ट घट्ट बसलेले असतात. सल्काटा हे पट्ट टाकून देत नाही. जन्माच्या वेळचा इवलासा पट्ट मोठ्या पट्टाच्या मध्यभागी तसाच राहतो आणि नवी वाढ त्याच्याभोवती कड्याकड्यांनी जमत जाते. पहिल्या वर्षी ही वाढ बिघडली तर तो बिघाड कासवाच्या पाठीवर जन्मभर राहतो, आणि सल्काटाचा जन्म अनेक दशकांचा असतो.

जॉन फ्रेडरिक मिलर याने १७७९ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. तिचे मूळ घर म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने सेनेगल आणि मॉरिटानियापासून इथिओपियाच्या बाजूपर्यंत पसरलेला साहेल हा रखरखीत पट्टा होय. गालापागोस आणि अल्डाब्रा या बेटांवरची महाकाय कासवे वगळली, तर सल्काटा हे जगातले सर्वांत मोठे भूकासव ठरते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सहज पन्नास किलोंच्या घरात जाते आणि काही नर त्याच्याही बरेच पुढे जातात. शेती, चराई आणि व्यापारासाठी होणारी पकड यांमुळे निसर्गात त्याची संख्या घटली असून सेनेगलमध्ये डाकारजवळच्या नोफ्लाय येथील कासव-ग्रामात त्याच्या संवर्धनाचे काम चालते. याउलट पाळीव प्राण्यांच्या बाजारात, विशेषतः अमेरिकेत, बंदिस्त जागेत जन्मलेली पिल्ले विपुल आणि स्वस्त मिळतात, कारण एक मादी वर्षात अनेकदा आणि एका वेळी वीस-तीस अंडी घालू शकते. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातील प्राणी-आश्रयस्थानांत मालकांनी सोडून दिलेल्या सल्काटांची सतत भर पडते ती याच स्वस्ताईमुळे : आणताना हातात मावणारे पिल्लू दहा वर्षांत कुंपण उखडणारे, अंगणात माणूस शिरेल एवढे बीळ खोदणारे जनावर होते, हे विकत घेताना कोणी सांगितलेले नसते.

भारतातील वाचकाने कायद्याची बाजू प्रथम समजून घ्यावी. आपल्याकडचे स्टार कासव, म्हणजे पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेले भारतीय भूकासव, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आहे आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस करारानेही २०१९ साली त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात घातले. ते घरात बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, मग ते कोणी भेट दिलेले असो वा रस्त्यावर सापडलेले. सल्काटा परदेशी असला तरी साइटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने तो दुरुस्त कायद्याच्या चौथ्या अनुसूचीखाली येतो, आणि अशा प्राण्याचा ताबा, हस्तांतर, जन्म व मृत्यू यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळामार्फत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. कागदपत्रे नसलेले पिल्लू कितीही गोंडस आणि कितीही स्वस्त असले तरी ते घेऊ नये, कारण त्यामागे चोरटी आयात किंवा पकड असण्याची शक्यता मोठी असते. काचेच्या भांड्यात पाण्यात पोहणारी, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली जी छोटी कासवे भाग्यदायी म्हणून विकली जातात ती उत्तर अमेरिकेतली पाणकासवे होत. त्यांचे संगोपन सर्वस्वी वेगळे आहे आणि येथे सांगितलेले काहीही त्यांना लागू पडत नाही.

सल्काटाच्या पिल्लांचे सर्वाधिक हाल एका साध्या तर्काने झाले आहेत. साहेल कोरडा, म्हणून सल्काटा कोरड्या हवेचा प्राणी, म्हणून त्याला वाळूत, तापलेल्या दिव्याखाली आणि शक्य तितके पाण्यापासून दूर ठेवावे, असे कित्येक वर्षे पुस्तकांत छापले गेले आणि दुकानदारांनीही तेच सांगितले. या तर्कात पिल्लू दिवसभर कोठे असते हा प्रश्नच विचारलेला नाही. साहेलमध्ये पावसाचे दिवस वर्षातल्या काही महिन्यांपुरतेच असतात. त्या दिवसांत गवत उगवते, हवा दमट होते आणि कासवांचे खाणेपिणे व वाढ त्याच काळात होते. उरलेला काळ ती बिळात काढतात, आणि जमिनीखालच्या त्या बिळातली हवा वरच्या हवेपेक्षा पुष्कळ थंड व ओलसर असते. पिल्ले तर उघड्यावर क्वचितच नजरेस पडतात, कारण भक्षकांपासून वाचण्यासाठी ती झुडपांच्या मुळांशी आणि भेगांत दडून असतात. थोडक्यात, पिल्लू ज्या हवेत श्वास घेते ती हवामानखात्याच्या नोंदीतली हवा नव्हेच.

कोरडेपणाची पहिली खूण कवचावर उमटते. प्रत्येक पट्ट सपाट न वाढता मध्यभागी उंच होत जातो आणि पाठीवर छोट्या पिरॅमिडांची रांग उभी राहते. कासव पाळणाऱ्यांच्या जगात या विकृतीला पिरॅमिडिंग असेच म्हणतात. आहारातली प्रथिने जास्त झाल्याने हे होते, असा समज दीर्घकाळ होता. व्हिएन्नातील वीझनर आणि इबेन यांनी सल्काटाच्या पिल्लांचे पाच गट पाच महिने वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनप्रमाणाच्या आहारावर वाढवून या समजाची परीक्षा घेतली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवरचे उंचवटे दमट हवेतल्या पिल्लांपेक्षा स्पष्टपणे अधिक होते, तर प्रथिनांचा परिणाम किरकोळ होता. कोरड्या हवेत पट्टांमधली नवी, मऊ वाढ लवकर कडक होते आणि आडवी पसरण्याऐवजी खाली वळते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. उंचवटे केवळ दिसायला वाईट म्हणून चिंतेचे नाहीत. जे पिल्लू कवच खडबडीत होईपर्यंत कोरडे राहिले, त्याच्या मूत्रपिंडांनीही तेवढाच काळ पाण्याची टंचाई सोसलेली असते, आणि तो भाग डोळ्यांना दिसत नाही.

भूकासव शरीरातला नत्रयुक्त मळ मुख्यतः यूरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकते. यूरिक आम्ल पाण्यात फारसे विरघळत नसल्याने ते टाकायला पाणी कमी लागते, ही वाळवंटी प्राण्याला मोठीच सोय आहे. परंतु शरीरातले पाणी एका मर्यादेपलीकडे घटले की हेच आम्ल मूत्राशयात साचून घट्ट होत जाते आणि अखेर त्याचा खडा बनतो, जो काढायला शस्त्रक्रिया लागते. तीस ग्रॅमच्या पिल्लाकडे पाण्याचा साठाच इतका थोडा असतो की तापलेल्या दिव्याखाली काही दिवसांतच ते या मर्यादेला पोचते. ज्या पैदासकाराकडे पिल्लांना पहिले काही आठवडे कोरड्यात ठेवले गेले, त्याच्याकडून आणलेले पिल्लू नव्या घरी सगळे नीट मिळूनही दोन-तीन महिन्यांत खाणे सोडून मरते, अशा घटना अनुभवी पाळणाऱ्यांनी वारंवार नोंदवल्या आहेत. म्हणून विकत घेण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न वय किंवा किंमत हा नसून, जन्मल्यापासून पिल्लाला रोज पाण्यात बसवले आहे का, हा असावा. डोळे पूर्ण उघडे व स्वच्छ, उचलल्यावर पाय जोराने झाडणारे, आकाराच्या मानाने हाताला जड लागणारे पिल्लू निवडावे.

रोजचे हे बसवणे, ज्याला पाळणारे सोकिंग म्हणतात, नीट केले तर अर्धे संगोपन तेथेच होते. उंच, अपारदर्शक कडांची छोटी बादली किंवा टब घ्यावा, कारण आरपार दिसले तर पिल्लू काठाशीच धडपडत राहते. त्यात मनगटाला उबदार लागेल असे पाणी पृष्ठवर्म आणि अधरवर्म जेथे जुळतात त्या रेषेपर्यंत, म्हणजे मान ताणल्यावर नाक आरामात वर राहील इतकेच, भरावे. पिल्लू आधी दोन-चार फेऱ्या मारते, मग एकाएकी थांबून मान पुढे ताणते, हनुवटी पाण्यात टेकवते आणि गळ्याची कातडी हळूहळू वर-खाली हलू लागते. ते पीत असते, आणि या वेळी त्याला हात लावू नये. काही मिनिटांनी शेपटीखालून विष्ठा आणि तिच्याबरोबर पांढरा द्रव येतो. हा पांढरा भाग म्हणजेच यूरिक आम्लाचे क्षार. तो पातळ, दुधाळ असला तर पाणी पुरते आहे, ओल्या खडूच्या लगद्यासारखा दाट आला तर वेळ वाढवावी, आणि बोटाला वाळूसारखी कणी लागली तर पशुवैद्याकडे जावे. वीस ते तीस मिनिटे, पाणी थंड होऊ लागले की बदलून, असे पहिले वर्षभर रोज करावे. स्वयंपाकघरातले भांडे किंवा सिंक यासाठी वापरू नये.

पिल्लाचे घर पहिल्या वर्षी झाकणाचे, बंदिस्त असणे इष्ट, कारण उघड्या टोपलीत ओल आणि ऊब दोन्ही टिकत नाहीत. सुमारे ऐंशी टक्के आर्द्रता, रात्रीही २६-२७ अंश सेल्सियसच्या खाली न जाणारे तापमान, आणि एका टोकाला ३५ ते ३८ अंशांची शेकण्याची जागा असे मान राखावे. ओल आणि गारवा एकत्र आले तर श्वसनमार्गाचा संसर्ग होतो, म्हणून आर्द्रता वाढवताना उष्णता कमी पडू देऊ नये. कोरड्यापेक्षा दमट बरे हे खरे, पण दमट आणि गार हे दोन्हींहून वाईट. तळाशी चार बोटे कोकोपीट पसरून ते हाताने दाबून ओले ठेवावे. वाळू वापरू नये, ती पाल्याबरोबर पोटात जाऊन आतडे तुंबवते. एका कोपऱ्यात पिल्लाला पूर्ण दडता येईल अशी अंधारी, ओलसर ढोली हवीच, कारण ते दिवसाचा मोठा भाग तेथेच काढणार असते. रात्री प्रकाश न देणारा सिरॅमिक तापक थर्मोस्टॅटला जोडून वापरावा, आणि तापमान अंदाजाने न ठरवता मापक यंत्राने मोजावे. मुंबई किंवा कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता आपोआप मिळते, मात्र वातानुकूलित खोलीत ती झपाट्याने घटते; विदर्भातल्या उन्हाळ्यात तर बंद घराशिवाय पिल्लू वाढवणे जवळजवळ अशक्य समजावे.

प्रकाशाचा प्रश्न हाडांशी जोडलेला आहे. अतिनील किरणांतील सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या पट्ट्याला यूव्हीबी म्हणतात. हे किरण कातडीवर पडले की तेथे ड जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते, शरीराच्या उबेने त्याचे ड-३ मध्ये रूपांतर होते, आणि ते असेल तरच आतड्यातून कॅल्शियम शोषले जाते. खिडकीची काच यूव्हीबी अडवते, त्यामुळे काचेआडून आलेल्या उन्हाचा या कामी उपयोग नाही. उलट काचेच्या पेटीत उन्हात ठेवलेले पिल्लू थोड्याच वेळात उष्म्याने मरू शकते. घरात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली लांब यूव्हीबी नळी लावावी, रोज बारा तास चालू ठेवावी, आणि ती दिसायला प्रकाश देत असली तरी साधारण वर्षाने बदलावी, कारण तिचे अतिनील किरण दृश्य प्रकाशाच्या आधी क्षीण होतात. कोवळ्या उन्हात, सावलीची सोय असलेल्या जाळीदार पिंजऱ्यात, माणूस शेजारी बसलेला असताना काही वेळ ठेवता आले तर त्याला तोड नाही. यूव्हीबी किंवा कॅल्शियम कमी पडले की कवच दाबल्यावर लवचीक लागते, जबडा मऊ होतो आणि पिल्लू अंग जमिनीवर घासत चालते. अगदी नवजात पिल्लाचे कवच थोडे लवचीक असतेच, परंतु काही महिन्यांनंतरही ते तसेच राहिले तर पशुवैद्याला दाखवावे.

आहाराबाबत महाराष्ट्रातला पाळणारा सुदैवी म्हणावा, कारण पिल्लाला लागणारे बहुतेक काही अंगणात उगवते. सल्काटा मुळात गवत खाणारा आहे. त्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव तंतू आंबवून त्यातून ऊर्जा काढतात, आणि साखर वाढली की या सूक्ष्मजीवांचा समतोल बिघडून हगवण लागते. म्हणून केळे, आंबा, सफरचंद हा लाडाचा खाऊ नव्हे. हरळी, म्हणजे गणपतीला वाहतात ती दूर्वा, त्याला उत्तम मानवते. पिल्लाला मात्र ती कात्रीने अगदी बारीक करून आणि ओली करून द्यावी, कारण सुके गवत चावण्याएवढा त्याचा जबडा अजून तयार नसतो. तिच्या जोडीला जास्वंदीची पाने व फुले, तुतीची कोवळी पाने आणि काटे काढलेल्या निवडुंगाचे तुकडे फिरवून द्यावेत. पालकात ऑक्झॅलेट नावाचे क्षार भरपूर असतात आणि ते कॅल्शियमला बांधून टाकतात, म्हणून पालक रोजचा नसावा. काकडी आणि कोबीवर पोट भरते, पण पोषण होत नाही. दूध, पनीर, पोळी, कुत्र्याचे खाणे यांतले काहीही देऊ नये. कण्हेर आणि घाणेरी विषारी आहेत. बाजारातली फुले कीटकनाशक फवारलेली असण्याचा धोका असतो, तेव्हा घरच्याच झाडाची वापरावीत. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस, म्हणजे माकूळवर्गीय समुद्री प्राण्याच्या आतले पांढरे, ठिसूळ कवच, पेटीत ठेवून द्यावा. पिल्लू लागेल तसे ते कुरतडते, आणि त्याची चोच वाढू न देण्याचे कामही त्यातून होते.

दोन पिल्ले एकत्र ठेवली की एकमेकांना सोबत होते, ही समजूत मायेपोटी असली तरी चुकीची आहे. त्यातले एक जण दुसऱ्याच्या वाटेत बसते, शेकण्याची जागा अडवते, अन्नावर चढून बसते. मारामारी दिसत नाही, फक्त एकाचे वजन वाढते आणि दुसऱ्याचे वाढत नाही. एकटे पिल्लू एकटेपणाने झुरत नाही.

रोगांपैकी नाकातून येणारे बुडबुडे, तोंड उघडे ठेवून घेतलेला श्वास आणि सुजलेले, बंद डोळे ही लक्षणे दिसताच पिल्लाला सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. कुत्र्यामांजरांच्या जंतांवर सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना प्राणघातक ठरते, हे उपचार करणाऱ्याला ठाऊक असल्याची खात्री करून घ्यावी. कवचाला भोक पाडून दोरी बांधणे किंवा त्यावर रंग लावणे म्हणजे जिवंत, मज्जातंतू असलेल्या हाडावर केलेली क्रूरता आहे. माणसाच्या बाजूने पाहता, निरोगी कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ साली बंदी घातली ती लहान मुलांना या जिवाणूंची लागण होत असल्यामुळेच. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुणे हा घरातला पक्का नियम असावा, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती ते देऊच नये.

दर आठवड्याला एकाच ठरलेल्या दिवशी, पाण्यात बसवण्यापूर्वी, स्वतंत्र ठेवलेल्या छोट्या वजनकाट्यावर पिल्लाचे वजन करून वहीत लिहावे. एखाद्या आठवड्यातली घट बहुधा विष्ठा-मूत्राची असते. परंतु सलग तीन आठवडे वजन जागेवर राहिले तर खाणे ठीक दिसत असूनही आत काही बिघडले आहे, असे धरून चालावे, कारण कासव आजार लपवण्यात पटाईत असते. पट्टांच्या सांध्यांत फिकट पिवळसर रेघ दिसणे हे नव्या वाढीचे चिन्ह आहे, आणि ती रेघ सपाट दिसते की खोल खाचेत गेलेली, हे याच वेळी पाहून घ्यावे.

साधारण दीड-दोन वर्षांत, कवच पंधरा-वीस सेंटिमीटरचे झाले की पिल्लू दिवसा अंगणात राहू शकते. तोपर्यंत कावळे, मुंगूस आणि मांजरे त्याला सहज उचलतात. अंगणाचे कुंपण आरपार न दिसणारे आणि जमिनीत खोल रोवलेले हवे, कारण सल्काटा पलीकडचे जे पाहतो तिकडे ढकलत राहतो आणि बाकीचे खोदून काढतो. इतर अनेक भूकासवांप्रमाणे तो हिवाळी निद्रा घेत नाही, म्हणून थंडीच्या प्रदेशात त्याला वर्षभर उबदार रात्रनिवारा लागतो, आणि दहा वर्षांनी तो निवारा माणसाच्या खोलीएवढा करावा लागतो. हे कासव पाळणाऱ्याच्या मागे जगण्याची शक्यता दाट असल्याने ते पुढे कोणाकडे जाईल याची व्यवस्था आधीच लेखी करून ठेवावी, आणि नोंदणीच्या कागदांबरोबर वजनांची ती वहीही त्याच माणसाच्या हाती पोचेल असे पाहावे, कारण पन्नास किलोंच्या प्राण्यावर उपचार करणाऱ्या वैद्याला त्याच्या पहिल्या वर्षाची माहिती दुसरीकडे कोठेही मिळणार नाही.